पगार वाढला, पण दार तेवढंच अरुंद राहिलं

परवा संध्याकाळी आमच्या गल्लीत प्रचाराची फेरी आली. उमेदवार, मागे पंधरा-वीस पोरं, गळ्यात उपरणी. पलीकडच्या काकूंच्या दारात थांबून उमेदवारानं हात जोडले आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "काकू, घरात मतं किती?"

काकू म्हणाल्या, "तीन. माझं, ह्यांचं आणि याचं."

"याचं" म्हणजे ओट्यावर बसलेल्या त्यांच्या मुलाचं. वय २६. बौद्धिक दिव्यांग आहे, प्रमाणपत्रावर ७५ टक्के. बोलतो थोडं, ओळखतो सगळ्यांना, स्वतः जेवतो, पण एकटं सोडता येत नाही. उमेदवारानं एकदा त्याच्याकडं बघितलं आणि सोबतच्या पोरानं वहीत "तीन" लिहिलं. फेरी पुढं गेली.

मंडळी, त्या वहीत हा मुलगा मोजला गेला याचं मला वाईट वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. मतदार आहे तो, यादीत नाव आहे, मोजलाच पाहिजे. मला खुपलं ते वेगळंच. हा मुलगा मतदानाला पूर्ण माणूस धरला जातो, पण सरकारी पगाराच्या हिशोबात त्याचं नावच येत नाही. का येत नाही ते जरा सविस्तर सांगतो. पोस्ट लांब आहे, पण मतदानाच्या आधी वाचा.

काका एका पतसंस्थेत शिपाई आहेत. महिना ११ हजार, तेही थेट बँक खात्यात. वर्षाचे झाले १ लाख ३२ हजार. शेती नाही, घर वडिलोपार्जित. काकू आधी शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायला जायच्या. मुलगा १८ चा झाला, विशेष शाळेतून त्याचं नाव कमी झालं आणि दुसऱ्या महिन्यात काकूंनी काम सोडलं. कारण त्याला दिवसभर सांभाळणार कोण? म्हणजे ज्या दिवशी मुलगा कायद्यानं सज्ञान झाला, त्याच दिवसापासून घरातला एक पगार कमी झाला.

आता याच घरात सरकारच्या दोन योजना कशा लागू होतात ते बघा.

लाडकी बहीण. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत पाहिजे. काकांचं १ लाख ३२ हजार. काकू बसल्या. महिना १५०० येतात.

संजय गांधी निराधार. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार. काकांचं १ लाख ३२ हजार. मुलगा बसला नाही.

घर तेच, रेशनकार्ड तेच, उत्पन्नाचा दाखलाही तोच. त्या एकाच कागदावर आई गरीब ठरते आणि तिचा २६ वर्षांचा दिव्यांग मुलगा गरीब ठरत नाही. मी काकूंना हे समजावून सांगायला गेलो तर त्या म्हणाल्या, "दादा, मी धडधाकट आहे, मला देतात. याला देत नाहीत. उलटं नको का?"

मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला येत असेल तर द्या.

आता कोणी म्हणेल, पगार आत्ताच तर वाढवला की सरकारनं. खरंय, आणि त्याचं श्रेय दिलंच पाहिजे. ३ सप्टेंबरच्या मंत्रिमंडळ बैठकीत निर्णय झाला, संजय गांधी आणि श्रावणबाळ योजनेतल्या दिव्यांगांचा पगार १५०० वरून २५०० झाला. हे काही आपोआप झालं नाही. वर्षानुवर्षं दिव्यांगांच्या संघटना मोर्चे काढत होत्या. २०२५ च्या जूनमध्ये बच्चू कडूंनी गुरुकुंज मोझरीला अन्नत्याग केला, त्यात शेतकऱ्यांच्या कर्जमाफीबरोबर दिव्यांगांना ६ हजारांची मागणी होती. मिळाले २५००. आंध्रात २०२४ च्या जुलैपासून ६ हजार मिळतात. तरीही हजाराची वाढ ही वाढच आहे, नाकारून चालणार नाही.

पण वाढ कुणाला मिळाली? सरकारचाच आकडा आहे. संजय गांधी योजनेत ४ लाख ५० हजार ७०० दिव्यांग, श्रावणबाळमध्ये २४ हजारांच्या आसपास. दोन्ही मिळून पावणेपाच लाख. आणि राज्यात दिव्यांग किती? २०११ च्या जनगणनेत २९ लाख ६३ हजार. म्हणजे साधारण सहातल्या एकाला पगार. बरं, ती जनगणनाही जुन्या प्रकारांवर झाली होती. स्वमग्नतेसाठी त्यात वेगळा रकानाच नव्हता. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व आलं, त्यानंतर अजून एकही जनगणना झालेली नाही.

त्या २९ लाखांत सगळेच गरीब नाहीत, लहान मुलंही आहेत, हे मान्य. पण सहातला एक? बाकीचे पाच कुठं अडकले? बरेचसे त्या ५० हजारांच्या दारात अडकले, असं मी गेली काही वर्षं तहसीलच्या आवारात उभं राहून सांगू शकतो.

५० हजार म्हणजे महिन्याला ४ हजार १६६ रुपये. आज हमाली करणारा, बिगारी काम करणारा माणूससुद्धा रोजचे चारशे घेतो. महिन्यातले पंधरा दिवस काम लागलं तरी सहा हजार होतात. म्हणजे कमावता माणूस असलेलं एकही घर या मर्यादेत खरं बोलून बसू शकत नाही. मग लोक काय करतात? आपल्या सगळ्यांना माहीत आहे काय करतात. दाखला "बसवून" आणतात. कोणाचा ४८ हजारांचा, कोणाचा ४५ हजारांचा. देणाऱ्यालाही माहीत असतं, घेणाऱ्यालाही. मी त्यांना दोष देत नाही. खरं बोलून पोराचा पगार जात असेल तर आईबाप खोटं बोलणारच.

अडचण येते ती काकांसारख्यांची. त्यांचा पगार बँकेत जमा होतो, पावती निघते, लपवायला जागाच नाही. म्हणजे ही मर्यादा गरीब आणि श्रीमंत वेगळे करत नाही. ती ज्यांच्याकडं कागद आहे आणि ज्यांच्याकडं नाही, एवढंच वेगळं करते. अकरा हजारांचा शिपाई बाहेर राहतो. आणि ज्याची कमाई कागदावर येत नाही असा त्याच्यापेक्षा बऱ्या स्थितीतला माणूस आत जाऊ शकतो.

आता दुसरी गोष्ट. ही मला स्वतःला काकूंसोबत फिरताना कळली.

मुलाच्या नावानं बँकेत खातं काढायचं होतं. तिथं सांगितलं, मुलगा १८ च्या पुढचा आहे, सज्ञान आहे, आईबाप म्हणून तुमची सही चालणार नाही, कायदेशीर पालकत्वाचं प्रमाणपत्र आणा. कायद्यानं बँकेचं चुकलं असं म्हणता येत नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व, बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती १८ वर्षांनंतर पालक नेमते. जन्म दिला, सव्वीस वर्षं न्हाऊमाखू घातलं, तरी त्या कागदाशिवाय आई पालक नाही. ठीक आहे, कायदा मुलाच्या संरक्षणासाठी आहे, समजू शकतो.

पण तिथून आम्ही तहसीलला गेलो, तर तिथं काय सांगितलं? वडिलांचा उत्पन्नाचा दाखला आणा. का? तर मुलगा कुटुंबात आहे.

म्हणजे बँकेच्या खिडकीवर तो सज्ञान, स्वतंत्र माणूस. आणि तहसीलच्या खिडकीवर बापाच्या रेशनकार्डावरचं एक नाव. सज्ञान असल्याचा फायदा बँकेत नाही, अवलंबून असल्याचा फायदा तहसीलमध्ये नाही. दोन्हीकडं त्याचं नुकसान तेवढं पक्कं. सज्ञान म्हणता ना? मग त्याचं स्वतःचं उत्पन्न विचारा. ते शून्य आहे. शून्याचा दाखला द्यायला आम्ही आत्ता तयार आहोत.

याला कायद्याचा आधार काय, असं विचारणारे असतातच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २४ काढून बघा. त्यात दोन गोष्टी आहेत. एक, सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना मिळणारी मदत ही तशाच योजनेतल्या इतरांपेक्षा किमान २५ टक्के जास्त असली पाहिजे. दोन, ज्यांना जास्त आधाराची गरज आहे अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहू भत्त्याची तरतूद करा.

पहिल्याचं आपण काय केलं? २०२३ च्या अर्थसंकल्पात संजय गांधीचा पगार १००० वरून १५०० झाला. विधवेला १५००, दिव्यांगालाही १५००. कायद्यानं १८७५ तरी पाहिजे होते. दोन वर्षांहून जास्त काळ महिन्याला ३७५ रुपये कमी गेले, आणि विधानसभेत बाकं वाजवून वाढीचं स्वागत झालं. २०२५ च्या ऑक्टोबरपासून २५०० झाले तेव्हा कुठं हा नियम पाळला गेला. आणि दुसऱ्याचं? काकूंनी आठ वर्षं काम सोडून घर धरलंय. केरळात काळजी घेणाऱ्यांसाठी महिना ६०० रुपयांची योजना तरी आहे. रक्कम तुटपुंजी आहे, पण घरात बसून सांभाळणारी बाई काम करते, एवढं तरी त्या सरकारनं कागदावर मान्य केलंय. आपल्याकडं काकूंच्या हातात १५०० पडतात ते बहीण म्हणून. मुलाला सांभाळतात म्हणून एक रुपया नाही.

केंद्राचं तर बोलायलाच नको. इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये. तोही दारिद्र्यरेषेखाली असाल आणि दिव्यांगत्व ८० टक्क्यांवर असेल तरच. २०१२ पासून ३०० चे ३०१ झाले नाहीत.

आता पैशाचा प्रश्न. "तिजोरीत खडखडाट आहे, महसुली तूट ४५ हजार कोटींच्या पुढं आहे, कुठून देणार?" हे दरवेळी ऐकायला मिळतं. तर मग हिशोबच करू. पावणेपाच लाख लोक, महिना २५००, बारा महिने. होतात साधारण १४२५ कोटी. राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७ लाख कोटींचा. म्हणजे शंभर रुपयांत वीस पैसे. उद्या उत्पन्नाची मर्यादा वाढवून लाभार्थी दुप्पट झाले, तर आणखी वीस पैसे लागतील. लाडक्या बहिणीला याच अर्थसंकल्पात ३६ हजार कोटी आहेत, म्हणजे शंभरातले पाच रुपये.

हे लिहिलं की लगेच कोणीतरी म्हणणार, पत्रकार बहिणींच्या पैशावर डोळा ठेवून आहे. अजिबात नाही. काकूंच्या हातातले १५०० काढा असं मी कसं म्हणेन? त्या पैशातून मुलाची फिटची गोळी येते. माझं म्हणणं एवढंच की अडीच लाखांची मर्यादा सरकारनं स्वतःच ठरवलीय. महाराष्ट्रात कुटुंब गरीब कधी म्हणायचं, याचं उत्तर सरकारनं एका योजनेत दिलेलं आहे. तेच उत्तर दुसऱ्या योजनेत लावा. त्यासाठी नवा कायदा नको, नवी समिती नको. एक शासन निर्णय पुरतो. स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढणारं पहिलं राज्य म्हणून आपण २०२२ च्या डिसेंबरपासून पाठ थोपटून घेतोय. मग तेवढा निर्णय तरी त्या विभागानं करून घ्यावा.

हे झालं मुंबई-नागपूरचं. आता आपल्या गावाचं, आणि यात थोडं माझंही चुकलेलं आहे ते सांगतो.

नगरपालिका, ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, सगळ्यांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून त्याच वर्षी खर्च करायचे, असा शासनाचा आदेश आहे. आधी ३ टक्के होते, २०१६ च्या कायद्यानंतर ५ झाले. घरपट्टी, गाळ्यांचं भाडं, बाजार वसुली, यातले शंभरातले पाच रुपये. मी वीस वर्षं बातम्या करतोय. दर ३ डिसेंबरला दिव्यांग दिनाची बातमी करतो. तीनचाकी सायकल, समोर दिव्यांग बांधव, मागे नऊ जण हसतमुख, हार, फोटो, चार कॉलम. या वीस वर्षांत पाच टक्क्यांचा हिशोब मी एकदाही मागितला नाही. फोटो मिळाला की बातमी झाली, असंच धरून चाललो.

गेल्या वर्षी पहिल्यांदा मागितला. आपल्याकडं तो निधी मार्चअखेरीला नोंदणी असलेल्यांना सारखा वाटून टाकतात. वाटप होतं, नाही असं नाही. पण यादी बघितली तर पायानं अधू, डोळ्यांनी अंध, कानानं बहिरे अशी नावं भरपूर. त्यांना मिळू नये असं मुळीच नाही, त्यांनी भांडून मिळवलंय ते. पण बौद्धिक दिव्यांग, स्वमग्न, सेरेब्रल पाल्सीवाले त्या यादीत हाताच्या बोटावर मोजण्याइतके. कारण सोपं आहे. ही मुलं मोर्चा काढू शकत नाहीत, पालिकेच्या दारात बसू शकत नाहीत, आणि त्यांचे आईबाप त्यांना सोडून येऊ शकत नाहीत. जो आवाज करू शकत नाही त्याचं नाव यादीत शेवटी येतं.

आणि या मुलांना तीनचाकीचा उपयोग नाही, वर्षातून एकदा मिळणाऱ्या चार पैशांचाही फारसा नाही. त्यांना लागते ती दिवसभराची जागा. विशेष शाळा १८ ला संपते. पुढं संरक्षित कार्यशाळा असते, पण ती जिल्ह्याच्या गावाला. एसटीत ७५ टक्के सवलत आहे, पण रोज आईनं नेऊन दिवसभर तिथंच थांबायचं का? गावातच एक हॉल, एक विशेष शिक्षक, एक मदतनीस, मुलं आणायला-सोडायला एक रिक्षा. मेणबत्त्या, कागदी पिशव्या, काहीही करतील, चार माणसांत बसतील. काकूंना परत खिचडीच्या कामाला जाता येईल. पालिकेचं स्वतःचं उत्पन्न चार कोटी धरलं तर पाच टक्के होतात वीस लाख. ढोबळ गणित आहे, पण एवढ्यात हे सगळं वर्षभर चालेल. पालिकेकडं बंद पडलेल्या शाळेच्या खोल्या आहेत, त्यावर नुसती कबुतरं राहतात.

गेली कित्येक वर्षं प्रशासक होते, विचारायचं कुणाला हाच प्रश्न होता. आता मंगळवारी २ डिसेंबरला मतदान आहे. दुसऱ्याच दिवशी, ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिन. आणि सोमवारी ८ तारखेपासून नागपूरला हिवाळी अधिवेशन. त्यात पुरवणी मागण्या येणार, मार्चमध्ये पुढचा अर्थसंकल्प. विचारायची याहून चांगली वेळ परत पाच वर्षं येणार नाही.

म्हणून उमेदवार दारात आला की तीन गोष्टी विचारा. पाया पडू द्या, पत्रक घ्या, पण विचारा.

एक. पाच टक्के निधीतून गावात १८ वर्षांवरच्या मुलांसाठी दिवसभराचं केंद्र काढणार का? हो की नाही, एवढंच.

दोन. निवडणुकीनंतर स्वीकृत सदस्य घेतले जातात. जाणकार माणूस सभागृहात यावा म्हणून ती जागा आहे, पण जाते तिकीट न मिळालेल्या नाराजाला. त्यातली एक जागा दिव्यांगाला किंवा अशा मुलाच्या आईबापाला देणार का? तमिळनाडूनं २०२५ च्या एप्रिलमध्ये स्थानिक संस्थांत दिव्यांगांना नेमण्यासाठी कायद्यात दुरुस्ती केली. आपल्याला तर कायदाही बदलायला नको, मन मोठं केलं तरी चालेल.

तीन. तुमच्या पक्षाचे आमदार नागपूरला जाणार आहेत. संजय गांधीची ५० हजारांची मर्यादा अडीच लाख करा, नाहीतर १८ वर्षांवरच्या दिव्यांगाचं स्वतःचं उत्पन्न धरा, हा प्रश्न ते सभागृहात मांडतील का?

सत्तेतला असो की विरोधातला, सगळ्यांना हेच विचारा. मीही विचारणार आहे, आणि कोण काय म्हणालं ते नावासकट इथंच लिहिणार आहे. निकालाच्या दिवशी गुलालाचे फोटो सगळे टाकतील. मी त्या दिवशी या तीन प्रश्नांची उत्तरं टाकीन.

काका पुढच्या वर्षी निवृत्त होतील. मग ११ हजारही जातील, उत्पन्न ५० हजारांच्या आत येईल आणि मुलगा एकदाचा "पात्र" होईल. परवा काकूच हिशोब करत होत्या, "ह्यांची नोकरी गेली की याचा पगार चालू होईल, नाही का हो दादा?" घरातली कमाई बंद पडण्याची वाट बघायला लावणारी योजना असेल, तर तिच्यात दुरुस्ती करायला नको का?

तुमच्या गल्लीत, वाडीत असं कुणी असेल तर कॉमेंटमध्ये सांगा. नाव-गाव टाकू नका, फक्त कुठं अडलंय ते लिहा: दाखल्याला, प्रमाणपत्राला, आधार लिंकला, की पालकत्वाच्या कागदाला. सगळं एकत्र करून निवडून आलेल्या नगराध्यक्षांना आणि आमदारांना नेऊन देतो. पोहोच घेऊन इथं टाकतो.